पणतीभर खाऊ : ठाण्याच्या नौपाड्यातल्या चार बेडकांच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५, रविवार

टँक आज मांडला. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. दहा इंचांपर्यंत भरला की साधारण ४५ लिटर पाणी बसतं. लेकीला तो खिडकीखाली हवा होता, पण तिथे दुपारी तीननंतर पश्चिमेचं ऊन आत येतं. जानेवारीत ते बरं वाटतं, एप्रिलमध्ये त्याच उन्हात पाणी तापेल. म्हणून हॉलच्या आतल्या भिंतीला लावला.

येणार आहेत ते आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग, शास्त्रीय नाव हायमेनोकायरस. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या संथ, उथळ पाण्यात राहणारे. मोठे झाले तरी दीड इंचाच्या आतबाहेर. जन्मभर पाण्यात राहतात, पण श्वास फुप्फुसांनी घेतात, त्यामुळे दर थोड्या वेळाने वर यावंच लागतं. टँकची सगळी मांडणी या एका गोष्टीवरून ठरते. पाणी फार खोल नको, फिल्टरचा जोर कमी हवा, आणि पाणी व झाकण यांच्यामध्ये दोन इंच तरी हवा हवी. झाकण तर हवंच. हे बाहेर पडले तर सोफ्याखाली काही तासांत सुकून मरतात.

तळाला बारीक धुतलेली वाळू. दुकानात रंगीत खडी दाखवत होते, ती घेतली नाही. हे समोर आलेलं सगळं तोंडाने आत ओढतात, मुगाएवढा खडासुद्धा पोटात अडकू शकतो. लपायला फुटक्या माठाचं मोठं खापर ठेवलंय, कडा पॉलिश पेपरने घासून बोथट केल्या. एका कोपऱ्यात जावा मॉस, पाण्यात वाढणारी हिरवी वनस्पती. हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर.

१९ जानेवारी

लॅबमधल्या सहकाऱ्याकडे तीन वर्षं चाललेला टँक आहे. त्याच्या फिल्टरचा स्पंज आमच्या पाण्यात पिळून घेतला. पाणी गढूळ झालं आणि लेकीचा चेहरा पडला. तिला समजावलं की आपल्याला हवे ते जिवाणू याच मळात आहेत. बेडकाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन थोडेसुद्धा घातक, नायट्रेट पाणी बदलून काढता येतं. हे जिवाणू वसले नाहीत तोवर बेडूक आणायचे नाहीत. जिवाणूंना उपाशी ठेवायचं नाही म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाणं पाण्यात कुजायला टाकतोय.

रात्री पाणी २१ अंशांवर येतं. हीटर २५ वर लावला.

२६ जानेवारी : अमोनिया २, नायट्राइट ०.२५ (लिटरमागे मिलिग्रॅम, पुढेही तसंच).

९ फेब्रुवारी : अमोनिया ०.२५, नायट्राइट पट्टीच्या टोकाला. लेक रोज विचारते, आज का?

१५ फेब्रुवारी : अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट २०. उद्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

चार आणले. दुकानात एकाच टाकीत दोन जातींची सरमिसळ होती आणि दोन्हींना ‘पाण्यातला बेडूक’ हे एकच नाव. पांढरे, गुलाबी डोळ्यांचे दिसायला गोड असतात, पण ते झेनोपस, आफ्रिकन क्लॉड फ्रॉग. ते तळहाताएवढे होतात आणि तोंडात मावेल ते गिळतात, धाकट्या सोबत्यासकट. ओळख पुढच्या पायांवरून पटते. झेनोपसची पुढची बोटं सुटी असतात. आपल्या ड्वार्फच्या चारही पायांना पडदे असतात, आणि डोळे डोक्याच्या माथ्यावर नसून बाजूला असतात. काचेला नाक लावून प्रत्येकाचे पुढचे पंजे पाहिले आणि मगच हो म्हटलं.

माझ्या पेशात, म्हणजे तपासणी लॅबच्या कामात, झेनोपसला मोठा मान होता. १९३० च्या दशकापासून पुढची काही दशकं गर्भधारणेची तपासणी याच्यावर व्हायची. बाईची लघवी मादीला टोचायची आणि काही तासांत तिने अंडी घातली की निकाल होकारार्थी. लॅबला बेडूक पाळावे लागायचे. आज आम्ही तीच तपासणी पट्टीवर पाच मिनिटांत करतो.

दुकानदार सोबत गप्पी घ्या म्हणत होता. नको म्हटलं. या बेडकांना जीभ नसते, नजर अधू असते, खाणं शोधतात ते वासावर आणि पाण्याच्या हालचालीवर. गप्पी अर्ध्या मिनिटात सगळं फस्त करतील आणि बेडूक वास घेत फिरत राहतील. असे बेडूक महिनोन् महिने अर्धपोटी राहतात आणि घरच्यांना वाटतं, रोज तर घालतोय.

पिशवी अर्धा तास टँकवर तरंगत ठेवली, मग थोडं थोडं पाणी मिसळत गेलो. पिशवीतलं पाणी टँकमध्ये घेतलं नाही.

नावं : गोट्या, चिंगी, ठिपका आणि सगळ्यात थोराड ती मावशी. नावं लेकीची.

१८ फेब्रुवारी

पहिलं जेवण. गोठवलेल्या ब्लडवर्मच्या, म्हणजे डासासारख्या किड्याच्या लाल अळ्यांच्या, वडीचा तुकडा टँकच्याच पाण्यात वाटीत वितळवला, लाल पाणी गाळून टाकलं. आईला फ्रीजरमध्ये अळ्या ठेवणं मुळीच पसंत नव्हतं. शेवटी लाल झाकणाचा वेगळा डबा, तो वेगळ्या पिशवीत, आणि पिशवी सगळ्यात खालच्या कप्प्यात, असं ठरलं.

खाणं वाळूत विखुरलं तर सापडत नाही आणि कुजतं. म्हणून दिवाळीतली एक पणती घेतली, न वापरलेली, तेल न लागलेली. ती तळाशी ठेवली आणि लांब चिमट्याने अळ्या तिच्यात सोडल्या. पणतीवर चिमट्याने दोनदा टकटक. पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही. वीस मिनिटांनी मावशी वास घेत आली, पणतीत पोट टेकून बसली आणि दोन्ही हातांनी तोंडात कोंबू लागली. बाकीचे खापराखालीच. उरलेलं ड्रॉपरने उचललं.

खाल्लेल्या अळ्या : मावशी ४, बाकी ०.

२३ फेब्रुवारी

आज टकटक केल्यावर तिघे आले. गोट्या शेवटी, पण आला. गोट्या ३, चिंगी ४, ठिपका ३, मावशी ६. दिवसाआड जेवण.

लेकीने कौतुकाने पाण्यात हात घातला. बाहेर काढून साबणाने धुवायला लावला, कोपरापर्यंत. तिला भीती घालायची नव्हती, पण हे सांगायलाच हवं होतं. निरोगी दिसणाऱ्या बेडकाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला हा जुलाब-तापाचा जिवाणू असू शकतो. अमेरिकेत २००९ ते २०११ या काळात याच जातीच्या पाळीव बेडकांपासून साल्मोनेलाची साथ पसरली होती, शेकडो जण आजारी पडले, त्यांत लहान मुलंच फार. घरात आजपासून पाळायचं ते असं. टँकची बादली, मग, सायफन, सगळं वेगळं. टँकचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतायचं नाही. ते संडासात जाईल किंवा मोगऱ्याला. कढीपत्त्याच्या आणि कोथिंबिरीच्या कुंडीला नाही.

२ मार्च

सकाळी चिंगी राखाडी, मलूल. अंगावर पातळ दुधी पापुद्रा. माझ्या पोटात गोळा आला, कारण बेडकांना कायट्रिड नावाची बुरशी होते, तीत कातडी वारंवार सुटते, खाणं थांबतं आणि जीव जातो. बेडूक कातडीतून क्षार आणि पाणी घेतो, कातडी बिघडली की हृदयापर्यंत परिणाम होतो. दुपारी पाहतो तो चिंगी मागच्या पायांनी तो पापुद्रा ओढून काढतेय, मोजा काढावा तसा, आणि खातेय. आतून तकतकीत नवी कातडी. कात टाकणं होतं, नेहमीचं. संध्याकाळी ४ अळ्या खाल्ल्या.

तरी वहीत कात टाकण्याचा वेगळा रकाना केला. दोन-तीन आठवड्यांनी एकदा असेल तर निश्चिंत राहायचं, दर दोन-तीन दिवसांनी दिसली तर डॉक्टर.

१३ मार्च

रात्री दोनला बारीक घूं-घूं आवाज. पंप बंद केला, आवाज चालूच. फ्रीज नाही, मीटर नाही. काचेला कान लावला तेव्हा कळलं, ठिपका गातोय. म्हणजे तो नर. टॉर्च लावून पाहिलं, काखेच्या मागे पांढरट फोडासारखी बारीक गाठ आहे, नराची खूण. गोट्यालाही आहे. लेकीला उठवलं. शाळा होती तरी उठवलं.

३० मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर थर्मामीटर पाहिला, ३०. या बेडकांना २४ ते २७ मानवतं. हीटर तर होळीआधीच काढून ठेवला. ठाण्यात तो थंडीतल्या थोड्या रात्रींपुरता लागतो, पुस्तकांतला सगळा भर मात्र पाणी गरम ठेवण्यावर. आपल्याकडे काळजी उन्हाळ्याची आहे. पाणी तापलं की बेडकांचा जीव भराभर चालतो, भूक वाढते, घाण वाढते, जिवाणूजन्य रोगही वाढतात.

काचेचं झाकण काढून लाकडी चौकटीवर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली आणि वरून छोटा पंखा तिरपा लावला. संध्याकाळी २७.५. वाफ उडते म्हणून रोज लिटरभर पाणी वर घालावं लागेल.

१९ एप्रिल

पाच दिवस चिपळूणला होतो, आज परतलो. टँक आईवर सोपवला होता. मी तिला डब्यातून काय काढायचं ते सांगितलं होतं, पण गोठलेली वडी वितळवणं आणि चिमटा तिला जमेना. दुकानदाराने पहिल्या दिवशी दिलेली वाळवलेल्या अळ्यांची डबी कपाटात होती, तीच ती रोज सकाळ-संध्याकाळ घालत होती. ‘वर येऊन तोंड वासतात रे, भुकेली असतात,’ ती म्हणाली. ते हवा घ्यायला वर येतात, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

अमोनिया ०.५. निम्मं पाणी बदललं. पणतीखाली फुगलेल्या अळ्यांचा थर होता.

२० एप्रिल

गोट्या फुगलाय. पोट, मांड्या, हनुवटीखाली, सगळीकडे पाणी भरल्यासारखं. पाय अंगापासून फाकलेले, वर येताना तिरपा होतो. बद्धकोष्ठ असतं तर फक्त पोट कडक दिसलं असतं. हा जलोदरासारखा प्रकार आहे.

वेगळ्या टबात ठेवला, टँकचंच स्वच्छ पाणी, फक्त तीन इंच, म्हणजे नाक वर काढायला पोहावं लागू नये. खापराचा तुकडा ठेवला.

२१ एप्रिल

पक्षी, कासवं पाहणारे एक डॉक्टर मिळाले, त्यांनी गोट्याला पाहिलं. बारीक सुईने द्रव काढला. इतक्या लहानशा जिवातून इतकं पाणी. ते म्हणाले, या जातीत हे बऱ्याचदा दिसतं. मूत्रपिंड निकामी होणं, जिवाणूंचा संसर्ग, खराब पाणी, यातल्या कशानेही होतं आणि द्रव पुन्हा भरण्याची शक्यता जास्त. मी खाण्याबद्दल विचारलं. कोरडी अळी पोटात फुगते, ती देऊ नका, पण एवढ्यावरून हेच कारण धरता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. आईला मी शब्दशः हेच सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि देवापाशी जाऊन बसली.

२३ एप्रिल : पुन्हा भरला. खाणं ०.

२५ एप्रिल

गोट्या पहाटे गेला. सकाळी सहाला पाहिलं.

लेकीला त्याला गच्चीतल्या तुळशीच्या कुंडीत पुरायचं होतं. मी नाही म्हणालो आणि ती फार रडली. मेलेल्या बेडकाच्या अंगातलं काही मातीत, पाण्यात जाऊ नये म्हणून दोन पिशव्यांत बंद करूनच द्यावा लागला. तिने पिशवीवर नाव लिहिलं. टब, चिमटा, जाळी ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून, धुऊन उन्हात वाळवलं.

२७ एप्रिल

माझी चूक कुठे झाली ते वहीत दिसतं. १४ ते १९ एप्रिलची पानं कोरी आहेत. दोन महिने मी प्रत्येकाने किती खाल्लं ते लिहीत होतो आणि त्याच पाच दिवसांत कुणी मोजलं नाही. मोजलं असतं तर गोट्या खायचा थांबला ते पहिल्या दिवशी कळलं असतं. तो नेहमीच शेवटी यायचा, दुरून पाहणाऱ्याला तो आलाय की नाही हे कळणारच नाही.

आज आईला टँकसमोर खुर्ची दिली. वडी वितळवायला चहाची गाळणी आणली. चिमट्याऐवजी ड्रॉपर, तो तिच्या हाताला जमतो. पणतीवर टकटक तिनेच केलं. कोण कोणतं ते ओळखायला तिला तीन जेवणं लागली असती असं मला वाटलं होतं, तिने पहिल्याच वेळी ओळखलं. मावशीच्या उजव्या डोळ्यामागे काळा पट्टा आहे, तो आम्हाला दोन महिन्यांत दिसला नव्हता.

मावशी ५, चिंगी ४, ठिपका ४. अक्षर आईचं.

११ मे

पंखा असूनही ३०.५. मार्चमध्ये हाच पंखा अडीच-तीन अंश खाली आणायचा, आता एकही नाही. हवाच ओली आहे, पाणी उडणार कुठे? आता अर्ध्या लिटरच्या बाटलीत पाणी गोठवून ती बंद बाटली टँकमध्ये तरंगत ठेवतो. दुपारी एकला एक, चारला दुसरी. दोन अंशांहून जास्त एका दमात उतरवायचं नाही. बाटली मॉसच्या विरुद्ध कोपऱ्यात, म्हणजे ज्याला गारवा नको त्याला लांब जाता येईल. चिंगी बाटलीला खेटूनच बसते.

खाणं कमी केलं, प्रत्येकी ३. आठवड्याला पाव पाणी बदलत होतो, ते आता दोनदा.

२६ मे

पाऊस आज मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर झालं. मे महिन्यातच! गेले काही दिवस कोसळतोच आहे. पाणी २८, बाटल्या बंद. तिघांनीही पणती रिकामी केली.

८ जून, रविवार

आजची नोंद मोठ्या अक्षरात. पाणी बदलायला बादली भरली आणि सवयीने क्लोरीन तपासायचे थेंब नमुन्यात टाकून पाहिले. एरवी नळाचं पाणी फिकट पिवळं होतं, मग मी अँटिक्लोरीन, म्हणजे क्लोरीन मारणारं औषध, घालतो. आज गडद नारिंगी झालं. बादली तशीच ओतून दिली आणि खाली जाऊन पाहिलं. जिन्याच्या फळ्यावर तीन दिवसांपूर्वीची सूचना होती की पावसाळ्याआधी गच्चीवरची टाकी ब्लीचिंग पावडरने धुणार. माझ्या नजरेतून सुटली होती. नेहमीच्या मापाचं अँटिक्लोरीन एवढ्या क्लोरीनला पुरलं नसतं. क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना जाळतो, या बेडकांची तर अख्खी कातडीच उघडी.

आता बाल्कनीत झाकणाचं पिंप ठेवलंय. पाणी आदल्या दिवशी भरायचं, थेंब टाकून तपासायचं, मगच अँटिक्लोरीन, आणि मगच टँक. पावसात नदीचं पाणी गढूळ येतं तेव्हा क्लोरीनही कमी-जास्त होतो, त्यामुळे सप्टेंबरपर्यंत तपासल्याशिवाय एक मगही नाही.

२२ जून, रविवार

ठिपक्याने काल रात्रीपासून मावशीला कमरेतून धरून ठेवलंय. मावशी त्याला पाठीवर घेऊन फिरतेय. पहाटे चारला सुरू झालं. दोघं तळापासून वर येतात, पाण्याच्या पृष्ठभागाशी उलटे होतात, पोटं आभाळाकडे, त्या क्षणी दोन-चार अंडी सुटतात आणि पुन्हा खाली. असं कितीतरी वेळा. आई, मी, लेक, तिघं अंधारात मोबाइलच्या उजेडावर पाहत होतो आणि कुणी बोलत नव्हतं.

चिंगी मागोमाग अंडी खात होती. मिलिमीटरभराची अंडी, चमच्याने हळूच उचलून वेगळ्या टबात घेतली. साठेक असतील.

२५ जून

अर्धी अंडी पांढरी पडली, ती काढली. उरलेल्यांतून टिंबाएवढी पिल्लं निघून टबाच्या कडेला चिकटून लटकलीत. इतर बेडकांची पोरं शेवाळ खरवडतात, ही मात्र जन्मापासून शिकारी, नळीसारखं तोंड पुढे काढून हलतं भक्ष्य ओढतात. आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, अंडी मिठाच्या पाण्यात उबवायला लावली, पण ती निघेपर्यंत आणि यांचं तोंड तेवढं होईपर्यंत मॉस पिळलेल्या पाण्यातले सूक्ष्मजीव.

६ जुलै

अकरा उरली.

शेजारच्या काकूंनी प्रेमानेच सुचवलं की एवढी झाली तर तलावपाळीच्या तळ्यात सोडा, मोकळी राहतील. त्यांना बसवून सांगितलं. २०१९ साली जगभरच्या नोंदींचा एक आढावा आला होता. त्यात कायट्रिडमुळे बेडूक व इतर उभयचरांच्या ५०१ जातींची संख्या घटलेली आणि त्यांपैकी ९० जाती नाहीशा झाल्याचं मानलेलं आहे. पाळीव बेडकांच्या व्यापारातून ती बुरशी देशोदेशी फिरली, आणि आपल्या बेडकाला काही दिसत नसलं तरी तो ती वाहून नेऊ शकतो. आई मध्येच म्हणाली, ‘आणि येऊरच्या जंगलात, ओढ्यातल्या बेडकांना लागली म्हणजे?’ तिच्या लहानपणी पहिल्या पावसात शेतात पिवळेधमक बेडूक निघायचे, तेव्हा बेडकांचे पाय परदेशी जायचे. १९८७ साली ती निर्यात बंद झाली, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिला बरं वाटलं. काकूंनी विचारलं, मग पाणी? तेही गटारात किंवा तळ्यात नाही, आता मोगऱ्यालाही नाही, संडासातच.

अकरांतली जगतील ती आमच्याकडेच. दुसरा टँक आजच धुतला, जिवाणू वसावेत म्हणून मुरवायला आत्तापासून लावतोय.

२० जुलै : पिल्लं सात. आर्टेमिया दिवसातून दोनदा. टबाचं पाणी रोज पाव बदल. गडगडाटाच्या रात्री वीज चार तास नव्हती, बॅटरीचा पंप लावला.

३ ऑगस्ट, रविवार

पिल्लं पाच. त्यांतल्या तिघांना मागचे पाय फुटलेत, भिंगातून बोटंसुद्धा दिसतात. लेकीने चित्र काढून वहीत चिकटवलं.

पाणी २७. अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १५.

मावशी ५. ठिपका ४, रात्री गात होता. चिंगी पणतीपर्यंत आली, वास घेतला, खाल्लं नाही. अंग किंचित राखाडी, मागची कात १७ जुलैला. आई म्हणते उद्या टाकेल. खापराकडे तोंड करून बसलीये, आई अजून खुर्चीत आहे.